रंग न पिणारी ताटली

साडीवर जुळणारा ब्लाउजपीस निपाणीच्या पेठेत कुठं मिळाला नाही, की बायका साडी पिशवीत कोंबून धोंडूबाई मगदूमांच्या घरी जायच्या. घराच्या सोप्यातच त्यांचं दुकान होतं. धोंडूबाई पदर उजेडात धरायच्या, आधी डावा डोळा मिटून बघायच्या, मग उजवा, आणि म्हणायच्या, "बुधवारी या." बुधवारी पांढऱ्या कापडाचा तुकडा थेट पदराच्या रंगाचा होऊन परड्यातल्या दोरीवर वाळत असायचा.

त्यांचं माहेर सदलग्याचं. भांडायच्या कानडीत आणि समजूत काढायच्या मराठीत, त्यामुळे त्या कुठल्या भाषेत सुरुवात करतात यावर घरातले लोक सावध व्हायचे. आमच्या भागातल्या बायका बोलतात तसं त्याही ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलायच्या. रेशीम त्या रंगवत नसत. किड्यांचे जीव घेऊन केलेलं कापड जैनाच्या भांड्यात बुडणार नाही, हा त्यांचा नियम. दिवस मावळायच्या आत जेवण आटपायचं म्हणून दुपारीच चूल कापडासाठी रिकामी व्हायची, आणि चुलीच्या उरलेल्या धगीवर भाकरी. भाकरीला कधी कधी जांभळट झाक यायची. त्यांचे यजमान पद्मराज ती मुकाट्यानं खायचे. पद्मराज तंबाखूच्या वखारीत कामाला होते. दिवसभर तंबाखूची धूळ नाकात गेल्यामुळं घरी आल्यावर ते बोलायला तोंड उघडायचे आणि शिंकायचे. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी त्यांची बरीच वाक्यं अजून पुरी व्हायची होती.

रंगाच्या बाबतीत धोंडूबाईंना भीडभाड नव्हती. बोरगावच्या एका लग्नात अक्षता हातात घेतल्यावर त्यांना दिसलं, की वरमाईचा शालू डाळिंबी आहे आणि ब्लाउज कुंकवाच्या रंगाचा. त्यांनी ते वरमाईला कानात सांगितलं. कानात म्हणजे मांडवात पुढच्या तीन रांगांना ऐकू जाईल इतक्या हळू. वरमाई ब्लाउज बदलायला आत गेली, भटजी खोळंबले, आणि मुहूर्त टळता टळता वाचला. वरपक्षाचे लोक पुढं कितीतरी दिवस बोलत नव्हते. धोंडूबाईंचं म्हणणं एवढंच, की फोटो जन्मभर राहतो.

पंच्याऐंशी साली त्यांचा भाचा, निपाणीतच राहणाऱ्या भावाचा मुलगा पार्श्वनाथ, अमेरिकेहून शिकून परत आला. त्याची पेटी उघडताना घरात ही गर्दी. कुणाला सेंटची बाटली हवी होती, कुणाला घड्याळ. पेटीतून निघाल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या गोल ताटल्या. एकावर एक रचलेला ढीगच. पार्श्वनाथच्या आईनं त्यातली एक धुऊन त्याच दिवशी पाहुण्यांना पोहे दिले. काठ चांगला वळवलेला असल्यानं पोहे सांडत नव्हते. पार्श्वनाथ अंघोळ करून बाहेर आला आणि ते बघून त्यानं कपाळावर हात मारला.

"आई, ही खायची ताटली न्हाय. ही फेकायची!"

"आन्न ठेवलेली ताटली फेकतोस? तिकडं हेच शिकलास व्हय?"

त्या खेळाला तिकडं डिस्क गोल्फ म्हणतात, असं त्यानं समजावून सांगितलं. लांबून ताटली भिरकावायची आणि खांबाला अडकवलेल्या बुट्टीत, म्हणजे टोपलीत टाकायची. जो कमी फेकींत टाकेल तो जिंकला. ऐकणाऱ्यांना त्यात फारसं काही दिसलं नाही. पण तवंदीच्या घाटाजवळच्या माळावर त्यानं खरोखरच खांब रोवले. खांब मिळवून दिले भीमाप्पा कांबळे यांनी. ते टेलिफोन खात्यात इंजिनिअर होते आणि पार्श्वनाथचे शाळेपासूनचे दोस्त. खांबांना तंबाखूच्या बुट्ट्या बांधल्या, वरून सायकलच्या जुन्या साखळ्या सोडल्या. ताटली साखळ्यांवर आपटून खाली बुट्टीत पडायची तेव्हा खळ्ळकन आवाज व्हायचा. त्या आवाजानं लोकांना वेड लागलं. हायस्कूलचे ड्रिलमास्तर मारुतीराव आले, धारवाडहून बदली होऊन आलेले बँकेचे मॅनेजर आले, आणि दर रविवारी सकाळी माळावर खेळ रंगू लागला.

खेळ रंगला, पण ताटल्या पांढऱ्याच होत्या. सगळ्या सारख्या. मारुतीराव बुट्टीतून आपली म्हणून जी काढायचे ती मॅनेजरांची असायची. मॅनेजर मराठीत चिडायला अजून शिकले नव्हते, ते कानडीत चिडायचे, आणि मारुतीरावांना सगळं कळूनही ते "मला कानडी येत न्हाय" म्हणायचे. त्यात माळावर म्हशी चरायला यायच्या आणि म्हशींमागं बगळे. एकदा मारुतीराव गवतात पडलेल्या आपल्या ताटलीकडं अगदी दबकत गेले, कारण शेजारी म्हैस होती आणि ती मारकी होती. वाकून हात घातला, तर ताटली पंख पसरून उडाली. खरी ताटली म्हशीच्या पायाखाली होती.

एका बोर्ड रंगवणाऱ्याकडून ऑइलपेंट लावून घेतला. पहिल्याच रविवारी साखळ्यांवर आपटून त्याच्या खपल्या निघाल्या. शेवटी पार्श्वनाथ ताटली घेऊन धोंडूबाईंच्या सोप्यात उभा राहिला.

"आत्या, हिला रंग दे."

धोंडूबाईंनी ताटली उजेडात धरली. डावा डोळा मिटला, उजवा मिटला. नखानं टकटक वाजवून बघितली.

"कसला पायजे? सांग. माझ्या भांड्यातनं पांढरं कायबी परत गेल्यालं न्हाय."

"लागंल का पण? प्लास्टिक हाय."

"बुधवारी ये," धोंडूबाई म्हणाल्या.

भांड्यात पाणी उकळलं, जांभळा रंग पडला, मीठ पडलं, आणि ताटली बुडाली. कापडाला लागतो त्याच्या दुप्पट वेळ त्यांनी ती ढवळली. बाहेर काढून पाण्याखाली धरली, तर रंग निथळून मोरीत गेला आणि ताटली आली तशी पांढरी शुभ्र. धोंडूबाईंचे हात मात्र कोपरापर्यंत जांभळे. त्यांना वाटलं, आच कमी पडली. दुसऱ्या ताटलीला त्यांनी खदखदा उकळलं. चिमट्यानं वर उचलली तर तिच्या कडा मुरगळलेल्या, मध्ये फुगवटा. पुरी फुगावी तशी ती फुगली होती आणि रंग काडीचा लागला नव्हता.

"ही फेकली तर कुठं जाईल?" बुधवारी पार्श्वनाथनं विचारलं.

"कुठं बी जाईल. तुला जायला पायजे तितं जाणार न्हाय," धोंडूबाई म्हणाल्या आणि ती वाकडी ताटली गाईला पेंड घालायला ठेवून घेतली.

त्या दिवशी त्यांनी जांभळे हात पुन्हा पुन्हा घासले आणि भाकऱ्या ताटात आपटल्या. पद्मराज जेवताना "एवढं काय..." म्हणाले आणि शिंकले. धोंडूबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की दुसरी शिंक त्यांनी गिळली.

पुढची वाट दाखवली पार्श्वनाथच्या आईनं. ज्या ताटलीत पोहे दिले होते ती घासून घासूनही पिवळी राहिली होती. ती घेऊन ती नणंदेकडं आली. "वन्सं, ह्याला रंग लागलाय बगा. फोडणीचा."

धोंडूबाईंनी परड्यात हळदीचं दाट पाणी केलं आणि उरलेल्या ताटल्यांतल्या चार-सहा तेल लावून त्यात मुरत घातल्या. बाहेर आल्या त्या झक्क पिवळ्या. रविवारी माळावर नुसता जल्लोष झाला. बगळे बगळ्यांच्या ठिकाणी आणि ताटल्या ताटल्यांच्या ठिकाणी दिसू लागल्या.

मारुतीरावांची ताटली शेणात पडली. स्वच्छतेचे मोठे भोक्ते असल्यानं त्यांनी ती ओढ्यावर नेली आणि कपड्याच्या साबणानं अर्धी घासली. हळदीला साबण लागल्यावर जे होतं तेच झालं. अर्धी ताटली लाल झाली. वर पिवळी, खाली लाल. मारुतीराव सीमाप्रश्नाच्या एकूण एक मोर्च्यात पुढं असणारा माणूस. ते ती ताटली बगलेत मारून स्टँडवरच्या हॉटेलात चहाला बसले. चहा येईपर्यंत आजूबाजूच्या बाकांवरच्या माना त्यांच्याकडं वळल्या.

"मास्तर," एकानं विचारलं, "कधी बदललासा?"

"काय बदललो?"

त्यानं बोटानं दाखवलं. कानडी झेंड्याचे दोन्ही रंग मारुतीरावांच्या बगलेतून बाहेर बघत होते, ओळीनं, वर पिवळा आणि खाली लाल. मारुतीराव चहा तसाच टाकून धोंडूबाईंच्या दारात आले.

"धोंडूबाई, तुम्ही माझी अब्रू घालवलासा! तीस वर्षांची निष्ठा माझी!"

"मी पिवळा दिलतो. लाल तुमी केलासा," धोंडूबाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्या रंगाला कुणी साबण लावा म्हणून सांगितलतं?"

बँकेचे मॅनेजर नेमके तिथंच होते, बायकोचा ब्लाउजपीस न्यायला आलेले. त्यांचा चेहरा उजळला. "मास्तर, नको असेल तर मला द्या की. छान आहे." मारुतीरावांनी ताटली पाठीमागं लपवली. द्यायचीही नाही आणि ठेवायचीही नाही अशी त्यांची अडचण झाली. धोंडूबाईंनी ती ओढून घेतली, सगळ्या ताटलीला नीट चुन्याची निवळी लावली आणि परत दिली. आता तिचा रंग भगव्याच्या जवळ गेला होता. मारुतीराव खूश होऊन गेले आणि मॅनेजरांनी त्या दिवशी ब्लाउजपीसचा रंग जमला नाही अशी तक्रार केली.

पण उन्हाळा होता. दोन रविवार माळावरच्या उन्हात गेले आणि उन्हानं पिवळी, लाल, भगवी असा काही भेद ठेवला नाही. सगळ्या ताटल्या पुन्हा पांढऱ्या.

आता धोंडूबाईंना चैन पडेना. त्या एसटीनं थेट बेळगावला गेल्या आणि शहापुरात भरमा रंगाऱ्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. भरमा मागाच्या सुताला रंग द्यायचा. त्याच्या बोळात बांबूंवर सुताच्या ओल्या लडी टांगलेल्या असायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या टोपीवर थेंब पडायचे. धोंडूबाई ऐन तरुणपणी भरमाच्या आईकडं हे काम शिकल्या होत्या. तेव्हापासून भरमाशी त्यांचा एक वाद चालू होता. आबोली रंगात आधी पिवळा टाकायचा की गुलाबी, हा तो वाद. त्यावरून मधली कित्येक वर्षं ते एकमेकांकडं गेले नव्हते.

"आलीस व्हय?" भरमा म्हणाला. "आदी गुलाबी. कबूल हाय का?"

"आबोली ऱ्हाऊ दे आण्णा. ह्याला रंग लाव." धोंडूबाईंनी पिशवीतून ताटली काढली.

भरमानं ती हातात फिरवली, वास घेतला, दातानं जरा चावून बघितली. "न्हाय लागायचा. सूत पाणी पितं, म्हणून रंग पितं. हे पाणीच पीत न्हाय. बघ," म्हणून त्यानं तिच्यावर तांब्या ओतला. पाणी ओघळून त्याच्याच धोतरावर गेलं. "प्लास्टिकला रंग लागत न्हाय, धोंडू. ब्रह्मदेव आला तरी."

चहा घेऊन भरमाची बायको मालुबाई बाहेर आली. मालुबाईला नवऱ्याचं बोलणं मध्येच तोडायची सवय होती.

"लागत न्हाय म्हणे! माझा अंघोळीचा मग बगा आदी. पांढरा सफेद मग, लेकीनं आणल्याला. ह्यांनी कसला तरी रंग कालवला त्यात. राखेनं घासलं, लिंबानं घासलं, विटकरीनं घासलं. तसाच हाय. पावण्यांसमोर ठिवायची लाज वाटती."

धोंडूबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "आण तो मग."

मग आला. गडद राणी रंगाचा, आतून-बाहेरून. धोंडूबाईंनी तो उजेडात धरला, थुंकी लावून पदरानं पुसला. पदराला काही लागलं नाही. "भरमाण्णा, ह्यो रंग कुठला?"

भरमा घुटमळला. "त्यो आपला न्हवं. टेरिलीनचा. एक एजंट आलता, तो नमुन्याला देऊन गेला. आमच्या सुताला त्यो लागत न्हाय, म्हणून मोरीवर टाकून दिलतो."

"म्हंजे तुझ्या सुताला लागत न्हाय ते प्लास्टिकला लागतंय!"

"तसं... टेरिलीन बी प्लास्टिकच की जवळजवळ," भरमा म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

मोरीवरचे सगळे डबे धोंडूबाईंनी पिशवीत भरले. सोबत भरमानं एक बाटली दिली. टेरिलीनला रंग देताना पाण्यात ती घालायची, म्हणजे आच कमी असली तरी रंग आत शिरतो, असं एजंट म्हणाला होता. बाटलीला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. बसमध्ये तिचं बूच सैल झालं. संकेश्वर येईपर्यंत धोंडूबाईंच्या आसपासची सगळी बाकं रिकामी झाली होती आणि त्या ऐसपैस बसून निपाणीला पोचल्या.

प्रश्न उरला आचेचा. पाणी उकळलं की ताटलीची पुरी होते, आणि फार कोमट असलं तर रंग शिरत नाही. मधली आच दुपारभर धरून ठेवायची होती. धोंडूबाईंकडं त्यासाठी एकच साधन होतं.

"अवं, ऐकलासा का? हिकडं या. बोट घाला."

पद्मराजांनी बोट घातलं आणि लगेच काढलं. "लई..." म्हणाले आणि शिंकले. धोंडूबाईंनी चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं. थोड्या वेळानं पुन्हा, "घाला." या वेळी त्यांना मनात णमोकार मंत्र अर्धा म्हणेपर्यंत बोट ठेवता आलं. ती आच बरोबर निघाली. पुरा मंत्र झाला तर लाकूड आत, सुरुवातीलाच बोट निघालं तर लाकूड बाहेर. रविवारची सगळी दुपार पद्मराज चुलीपाशी पाटावर बसून होते. संध्याकाळी ते म्हणाले, की एवढं नामस्मरण आजवर एका दिवसात कधी घडलं नव्हतं. डांबराच्या वासानं त्यांचं नाक बंद झाल्यामुळं हे वाक्य पुरं झालं.

ताटली बाहेर आली ती राणी रंगाची. पाण्याखाली धरली, रंग गेला नाही. साबण लावला, गेला नाही. पार्श्वनाथनं ती भिंतीवर आपटली, खपली निघाली नाही. धोंडूबाईंनी ती कोनाड्यात देवासमोर टेकवून ठेवली आणि मग दिवस मावळायच्या आत घाईनं दोन घास खाऊन घेतले.

बातमी लगेच फुटली. मारुतीराव आले, भगवाच पाहिजे म्हणाले. मॅनेजरांनी एक बाजू पिवळी आणि एक लाल असं करता येईल का, हे जणू सहज विचारलं. भीमाप्पा काही बोलले नाहीत, पण निळा शर्ट घालून आले होते.

"ब्लाउजपीसला गिऱ्हाईक रंग सांगतंय," धोंडूबाई म्हणाल्या. "ताटलीला मी सांगणार. ज्याला जमत न्हाय त्यानं बगळं धरत बसावं."

मग एकेकाला त्यांनी उजेडात उभं केलं. डावा डोळा मिटला, उजवा मिटला. मारुतीरावांना वांगी रंग निघाला. मॅनेजरांना मोरपंखी. भीमाप्पांना त्यांनी फार वेळ न्याहाळलं आणि चिंतामणी सांगितला. भीमाप्पांनी विचारलं, "चिंतामणी म्हणजे निळाच की, आक्का?" धोंडूबाई म्हणाल्या, "निळ्यात जरा जांभळं. तुमास्नी शोभतंय." पार्श्वनाथला राणी रंग पत्करावा लागला, कारण पहिली ताटली त्याची होती.

पुढच्या रविवारी माळावर मोठमोठ्यानं जी आरडाओरड चालली होती ती घाटातून जाणारे ट्रकवाले थांबून ऐकत होते. "माझी वांगी कुठं पडली?" "मोरपंखी बुट्टीत गेली री!" "हात लावू नका, ती चिंतामणी हाय!" मिशा राखलेली माणसं साड्यांचे रंग पुकारत धावत होती. सामना भीमाप्पांनी जिंकला. मारुतीराव दुसरे आले. त्यांचं म्हणणं, भगवी असती तर पहिले आले असते.

माळाच्या कडेला गवत कापणाऱ्या बायका होत्या. त्यांनी खेळाकडं बघितलंच नाही, त्यांनी रंग बघितले. मंगळवारी सकाळी त्यातल्या तिघी-चौघी धोंडूबाईंच्या सोप्यात हजर. "आक्का, त्या पोरानं फेकल्याला राणी कलर. तसलाच झंपर पायजे. तसलाच."

"बुधवारी या," धोंडूबाई सवयीनं म्हणाल्या.

ताटलीचा रंग सुती कापडाला देताना मात्र उलटंच झालं. टेरिलीनचा तो रंग कापसाला काही केल्या लागेना. कापड धुतलं की फिक्कट, मळकं. आधी रंग होता आणि ताटली पीत नव्हती. आता ताटली प्याली होती आणि कापड तोंड फिरवत होतं. बुधवारी बायका आल्या तेव्हा धोंडूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा "शुक्रवारी या" म्हटलं. मग त्यांनी सुताचे तीन रंग एकत्र कालवले, हातात पार्श्वनाथची ताटली धरून तासन्‌तास मिसळत राहिल्या, आणि शुक्रवारी तो राणी रंग सुती कापडावर आणला. त्यानंतर महिनाभर पार्श्वनाथला खेळायला ताटली मिळाली नाही. ती दुकानात नमुना म्हणून टांगलेली होती आणि तो बिचारा रविवारी नुसता गुण मांडायला जायचा.

पुढं पार्श्वनाथला बंगळूरला नोकरी लागली. माळावरच्या बुट्ट्या एकेक करून तंबाखू वाहायला गेल्या, साखळ्या सायकलवाल्यांनी नेल्या. भीमाप्पा आणि मारुतीराव मात्र नंतरही कधी कधी दोघंच जाऊन खांबावर ताटली मारून येत. धोंडूबाईंनी परड्यात टेरिलीनसाठी दुसरं भांडं मांडलं.

प्लास्टिकला रंग देणारी बाई म्हणून त्यांचं नाव चिकोडीपासून खानापूरपर्यंत झालं. लोक काय वाटेल ते घेऊन यायला लागले. विटलेल्या बादल्या, कंगवे, रेडिओची बटणं. लोंढ्याहून रेल्वेतला एक गडी पांढरं हेल्मेट काळं करायला आला, कारण सासऱ्यांचंही पांढरंच होतं आणि सासरे चुकून याचंच घालून जायचे.

एकदा सौंदलग्याचे एक म्हातारे शेतकरी आले. सोप्यात कुणी नाही बघून त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि सोडला. रुमालात नवी कोरी दातांची कवळी होती.

"बाई, हे लई पांढरं हायती," ते बोळक्या तोंडानं म्हणाले. "मळ्यात गेलो तर गडी ओळखत न्हाईत. नात हसती. जरा जुन्यावाणी करून द्या."

धोंडूबाईंनी कवळीला हात लावला नाही. "घाला तोंडात," त्या म्हणाल्या. म्हाताऱ्यांनी घातली. "उजेडात या. हसा बगू."

म्हातारे लाजत लाजत हसले. धोंडूबाईंनी डोळा न मिटता बघितलं.

"ह्याला कायबी करायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "असंच हसत जावा घरापातूर."

म्हातारे बाजारपेठेतून स्टँडपर्यंत तसेच गेले, आणि वाटेत ओळख नसलेल्या पाच-सात माणसांनी त्यांना रामराम घातला.